व्याह्यांनी पारखलेली बॅट

आमच्या व्याह्यांचा देवावर पूर्ण विश्वास आहे; पण तोही त्यांनी दोन-तीनदा नीट तपासून मगच ठेवला असावा, अशी माझी पक्की समजूत आहे. एरवी या माणसाने आयुष्यात एकही वस्तू नुसती बघून घेतलेली नाही. छत्री घ्यायची तर ती ते दुकानातच उघडतात, डोक्यावर धरतात आणि दुकानदाराला म्हणतात, "आता वता पानी." कोपरगावातल्या एका दुकानदाराने वैतागून खरोखरच तांब्याभर पाणी ओतलं, तेव्हा यांनी मुळीच राग मानला नाही. छत्रीच्या आतून बोट फिरवलं आणि शिवण कुठे झिरपते ते त्यालाच दाखवून दिलं. चप्पल घेताना जुनी दुकानात ठेवतात आणि नवी पायात घालून एसटी स्टँडपर्यंत जाऊन येतात. गादी घ्यायला गेले तेव्हा तिथेच आडवे झाले. तासाभराने दुकानदाराने त्यांना चहाला उठवलं, तर डोळे चोळत विचारतात, "मी कूस किती येळा बदलली?" दुकानदार भला माणूस, तो खरं बोलला. "तीनदा," म्हणाला. गादी नापसंत झाली.

याचं मूळ त्यांच्या नोकरीत आहे. कोपरगावकडच्या एका साखर कारखान्याच्या गेटवर, उसाच्या गाड्यांचं वजन होतं त्या काट्यावर, ते एकतीस वर्षं होते. भरली गाडी आत जाताना तोलायची, रिकामी बाहेर येताना तोलायची, मधल्या फरकाचा कागद शेतकऱ्याच्या हातात द्यायचा. त्यांच्या गावचे लोक सांगतात, की गाडीवान काट्याकडे बघतच नसत, यांच्या तोंडाकडे बघत. यांनी आकडा सांगितला की संपलं. निवृत्त झाल्यावर काटा कारखान्यात राहिला, पण तोलायची सवय घरी आली. त्यांच्या कापडी पिशवीत हुकाचा एक छोटा वजनकाटा कायम असतो. आमच्याकडे आले की आधी कलिंगड तोलतात, मग गॅसची टाकी हातांनी उचलून किती दिवस जाईल ते सांगतात, आणि निघताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणतात, "पाव्हनं, दोन किलो उतरलात. जेवता का न्हाई?" मी नंतर औषधाच्या दुकानातल्या यंत्रावर उभा राहून पाहतो. दोन किलोच असतात.

मला त्यांनी पहिल्यांदा पारखलं ते सोयरीक ठरताना. माझ्या मुलाने आणि त्यांच्या अश्विनीने आपलं आपणच ठरवलं होतं. आमच्या घरात तीन पिढ्या कारकुनी, मी स्वतः जिल्हा परिषदेत फायलींवर शेरे मारून निवृत्त झालेला. त्यांच्याकडे शेती, ऊस आणि गोठा. बोलायची भाषा वेगळी, सणवार करायची रीत वेगळी, आणि दोन्ही घरांच्या मनात थोडी थोडी धाकधूक. ते अश्विनीला घेऊन आमचं नगरचं घर बघायला आले. नळ सोडून पाहिले, पंख्याखाली उभे राहून त्याचा आवाज ऐकला, माझ्या पत्नीने केलेले पोहे खाल्ले, आणि मग माझ्यासमोर बसून एकच प्रश्न विचारला.

"पाव्हनं, तुमाला राग आला म्हन्जे तुमी काय करता?"

मुलीच्या बापाने असा प्रश्न विचारल्यावर काय सांगावं हे मला कुठल्याच शासन निर्णयात सापडलं नव्हतं. मी खरं ते सांगून टाकलं, "गॅलरीत जाऊन झाडांना पाणी घालतो."

ते उठले आणि गॅलरीत गेले. अकरा कुंड्या होत्या. सगळ्या हिरव्यागार. बराच वेळ त्या न्याहाळून ते परत आले आणि मुलीकडे वळून म्हणाले, "हे लई रागावत्यात." मग पोह्यांची दुसरी बशी मागितली आणि म्हणाले, "पन झाडांवर काढत्यात. चालंल."

असा मी पसंत झालो.

आता त्या बॅटची गोष्ट सांगतो. पण त्याआधी माझ्या नातीबद्दल सांगायला हवं, कारण तिच्या आईच्या भीतीचं कारण तिच्या जन्मातच आहे. रेवा साडेसात महिन्यांची जन्मली. वजन दीड किलोच्याही आत. पाच आठवडे ती दवाखान्यात काचेच्या पेटीत होती. व्याही रोज पहाटेची एसटी पकडून तीन तास प्रवास करून यायचे, पेटी ठेवलेल्या खोलीच्या दाराशी उभे राहायचे आणि नर्सला विचारायचे, "आज किती?" नर्स म्हणायची, "चांगली आहे." हे म्हणायचे, "चांगली म्हन्जे किती ग्राम?" मग ती आकडा सांगायची, तो हे तिकिटाच्या पाठीवर लिहायचे आणि वरच्या मजल्यावर जाऊन अश्विनीला सांगायचे. बाळंतीण दिवसभर त्या आकड्यावर जगायची. वीस वाढले, पंधरा वाढले, तीस वाढले.

एक दिवस चाळीस ग्राम कमी भरले. मी त्यांच्याबरोबरच होतो. त्यांनी तिकिटावर काही लिहिलं नाही. जिना चढून वर गेले आणि मुलीला म्हणाले, "आज धा ग्राम वाढलं बग." खाली येताना जिन्याच्या मधल्या पायरीवर ते बसले. मी शेजारी बसलो. "पाव्हनं," ते म्हणाले, "एकतीस वर्सं काट्यावर बसलो. आज पयल्यांदा खोटं वजन सांगितलं." त्या दिवशी त्यांनी चहा घेतला नाही. आणि मी, ज्याला तोवर ते एक विक्षिप्त पाहुणे एवढेच वाटत होते, तो मी त्या पायरीवर त्यांचा कायमचा झालो.

रेवा त्यातून बाहेर आली. आता ती सहा वर्षांची आहे. अंगाने काटकुळी, नाकावर चष्मा, दोन घट्ट वेण्या, आणि हवा बदलली की सर्दी. अश्विनी तिला जपते म्हणजे काय जपते! वर्गातल्या कुणी शिंकलं तर इकडे हळदीचं दूध गरम होतं. अशात या वर्षी शाळेतून निरोप आला, की पहिली-दुसरीच्या मुलांसाठी टी-बॉल सुरू होतोय. हा खेळ मलाही नवा होता. शाळेतल्या खेळाच्या मॅडमनी समजावून सांगितलं, की हे बेसबॉलचं धाकटं भावंड आहे. चेंडू कुणी अंगावर फेकत नाही; मुलाच्या कमरेइतक्या उंच रबरी दांडीवर तो ठेवतात, मुलाने बॅटने मारायचा, बॅट तिथेच टाकायची आणि मैदानाच्या चार कोपऱ्यांना शिवत पळत परत यायचं. पाठोपाठ फोनवर सामानाची यादी आली. छोटी बॅट, हातमोजा, हेल्मेट, मऊ चेंडू.

अश्विनीने यादी वाचली आणि फोन उपडा ठेवला. "नाही," ती म्हणाली. "बुद्धिबळ खेळ म्हणावं."

रेवा रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं, आम्हाला समजूत तरी घालता आली असती. ती गॅलरीत गेली, एका स्टुलावर तांब्या उपडा घातला, त्यावर बटाटा ठेवला आणि लाटण्याने मारला. बटाटा माझ्या मोगऱ्याच्या कुंडीत पडला. ती धावत जाऊन चारही कोपऱ्यांना हात लावून आली, बटाटा पुन्हा ठेवला, पुन्हा मारला. हे तासभर चाललं. सुनेच्या शब्दाबाहेर मी सहसा जात नाही. मग नातीने आपल्या आईच्याच फोनवरून कोपरगावला व्हिडिओ कॉल लावला आणि अगदी शांतपणे म्हणाली, "आप्पा आजोबा, आई नाही म्हणते."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता व्याही दारात हजर. खांद्यावर तीच कापडी पिशवी. पाणी प्यायले आणि लेकीला म्हणाले, "मी सामान बघतो. माझ्या पसंतीला उतरलं तर खेळंल. न्हाई उतरलं तर मीच न्हाई म्हनंन."

अश्विनीचा चेहरा एकदम उजळला. जन्मापासून ती बापाला ओळखत होती. गादी नापसंत करणारा माणूस हेल्मेट काय पसंत करणार! "चालेल आप्पा," ती लगेच म्हणाली, "तुम्हाला पसंत पडेल तेच आणा." आत जाऊन तिने बहुधा बुद्धिबळाचा पट पुसून ठेवला.

आम्ही तिघं, म्हणजे व्याही, मी आणि शाळेला सुट्टी म्हणून रेवा, कापड बाजाराजवळच्या एका खेळाच्या सामानाच्या दुकानात गेलो. दुकान जुनं, क्रिकेटच्या बॅटी आणि कॅरमचे बोर्ड दाराबाहेरपर्यंत आलेले. दुकानदार जाडसर, गप्प, चष्मा कपाळावर ठेवणारा. त्याने यादी वाचली आणि माळ्यावरून एक बॅट काढून दिली. रेवाच्या खांद्यापर्यंत येत होती.

"वाढत्या अंगाचं घ्या," तो म्हणाला. "दोन-तीन वर्षं जाईल."

मला ते अगदी पटलं. माझ्या मुलाचा गणवेश मी कायम दोन बोटं मोठा घेतला, बूट पुढे कापूस भरून घातले, आणि तो दहावीला पोचला तेव्हा पाचवीचा स्वेटर त्याला नीट बसायला लागला. मी मान डोलावली. व्याह्यांनी मात्र माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी गाडीत उसाऐवजी दगड भरून आणले आहेत.

"पाव्हनं, पोरगी आज खेळनार हाय," ते म्हणाले. "दोन वर्सांनी मोठी व्हईल तवा मोठी घिऊ. आज हिनं काय बॅटीला उचलायचं का बॅटीनं हिला?"

मग पिशवीतून वजनकाटा निघाला. दुकानातल्या सगळ्या छोट्या बॅटी हुकाला टांगून झाल्या. दुकानदार आधी हसला, मग त्याने चष्मा डोळ्यांवर घेतला, मग स्वतःच आकडे मोठ्याने वाचू लागला. पण नुसत्या आकड्यावर भागणार नव्हतं. व्याह्यांनी रेवाला मधोमध उभं केलं. "एका हातात धर, हात सरळ फुडं कर, अन् मी मोजतो तवर खाली आनायचा न्हाई." पहिल्या बॅटीला पाचपर्यंत मोजताच हात थरथरला. दुसऱ्या बॅटीला बारा. रेवाने दात आवळले होते, पण आजोबांनी पाहिलं आणि बॅट काढून घेतली. "जिद्द नको. जिद्दीनं गाडी दोन कोस जाती, मग बैल बसतो." तिसरी बॅट अॅल्युमिनिअमची, पातळ मुठीची, चारशे ग्रामला थोडी कमी. वीस मोजून झालं तरी रेवाचा हात सरळ आणि ती इकडेतिकडे बघतेय. "ही," व्याही म्हणाले. एका शब्दात. मला वाटतं तो दुकानदाराच्या आयुष्यातला एक मोठा क्षण होता.

हातमोज्याने मात्र आम्हा तिघा मोठ्यांची अब्रू घेतली. तो कुठल्या हातात घालायचा? दुकानदार म्हणाला उजव्या, कारण माणूस उजव्या हाताने झेलतो. मीही उजव्याच म्हणालो, कारण दुकानदार म्हणाला होता. व्याही दोन्ही हातांत आळीपाळीने घालून पाहू लागले. त्यांच्या पंजात तो मोजा बोटाच्या टोपीसारखा दिसत होता. शेवटी रेवा कंटाळून म्हणाली, "आजोबा, उजव्या हाताने चेंडू फेकायचा असतो ना? मग तो हात मोकळा नको का?" व्याह्यांनी मोजा तिच्या डाव्या हातात चढवला, पिशवीतलं एक लिंबू आत ठेवलं आणि म्हणाले, "मूठ मीट." मोजा कडक होता, मिटेना. दुसरा मऊ चामड्याचा होता, तो अर्धा मिटला. तो घेतला. मॅडमना फोन करून विचारलं, तर त्या म्हणाल्या, आत चेंडू ठेवून बांधा आणि उशीखाली ठेवा, दोन दिवसांत वळण पडेल. व्याह्यांनी दोन्ही दिवस दुपारची झोप त्यावर घेतली. उठले की त्यांच्या गालावर मोज्याची शिवण उमटलेली असायची आणि माझी पत्नी तोंडाला पदर लावून आत पळायची.

हेल्मेट वेण्यांवर बसेना. डोक्यावर मटकं ठेवावं तसं ते वर तरंगे. मग वेण्या सोडून मानेपाशी खाली बांधल्या, चष्म्याच्या काड्या नीट आत गेल्या की नाही ते पाहिलं, आणि परीक्षा सुरू झाली. "न्हाई म्हन." रेवाने मान हलवली. डोकं आधी वळलं, हेल्मेट मागाहून आलं. नापसंत. दुसरं. "व्हय म्हन." हेल्मेट डोळ्यांवर आलं. नापसंत. चौथ्या हेल्मेटाला व्हय, न्हाई, आणि "जरा नाच" हे तिन्ही झालं, तरी ते जागचं हललं नाही.

राहिला चेंडू. माझ्या आयुष्यातला सर्वांत अवघड प्रसंग इथे येतो.

"हा मऊ आहे," दुकानदार म्हणाला. "लागत नाही."

"कुनाला लागत न्हाई?" व्याह्यांनी विचारलं.

दुकानदाराने चष्मा पुन्हा कपाळावर चढवला. व्याही एक स्टूल घेऊन दुकानाबाहेर गेले, फुटपाथवर मांडलं, त्यावर बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली, कपाळ पुढे केलं आणि मला म्हणाले, "पाव्हनं, मारा."

व्याह्याचा मान म्हणजे काय, हे ज्याने मुलाचं लग्न केलंय त्याला सांगायला नको. त्यांच्या आधी मी कधी ताटावर बसलेलो नाही. नारळ, टॉवेल, टोपी, सगळं वेळच्या वेळी. आणि आता भर बाजारात, साडीच्या दुकानांतल्या बायका थांबून बघत असताना, मी त्यांच्या कपाळावर चेंडू मारायचा! मी नाही म्हणालो. ते म्हणाले, "मग पोरीच्या कपाळावर मारून बघू का?" मी चेंडू घेतला. पहिला चेंडू त्यांच्या कानावरून जाऊन टांगलेल्या बॅडमिंटनच्या रॅकेटांवर आदळला. दुसरा मी इतका हळू टाकला, की तो त्यांच्या मांडीवर टोपीत जाऊन बसला.

"पाव्हनं," व्याही म्हणाले, "ह्यो चेंडू हाय का अक्षता?"

लोक हसले. मला राग आला. गॅलरी जवळ नव्हती. तिसरा चेंडू मी खरोखर मारला आणि तो त्यांच्या कपाळाच्या बरोबर मधोमध बसला. व्याही डोळे मिटून तसेच बसले. पाच मोजून झाले, दहा मोजून झाले. दुकानदार पाण्याचा ग्लास घेऊन बाहेर आला. मग त्यांनी डोळे उघडले. "आता नाकाकडं एक," म्हणाले.

चेंडू पसंत झाला. घरी गेल्यावर माझ्या पत्नीने त्यांचं लाल झालेलं कपाळ पाहिलं आणि घाबरून विचारलं, "अगंबाई, हे काय झालं?" व्याही पायरीवर चपला काढत शांतपणे म्हणाले, "तुमच्या ह्यांनी मारलं."

अश्विनीने सगळं सामान टेबलावर ओळीने मांडलेलं पाहिलं आणि तिला आपण हरलो हे कळलं. ती स्वयंपाकघरात गेली. आम्ही दोघं तिच्या मागे दारापर्यंत गेलो. आमच्याशी ती पुस्तकी बोलते, पण चिडली की माहेरचं बोलणं तिच्या तोंडात येतं.

"आप्पा, तुमी तर न्हाई म्हननार हुता!"

"मी सामान बघतो म्हनलो हुतो. सामान चांगलं निघालं, त्याला मी काय करू?"

ओट्याकडे तोंड करून तिने ओटा दोनदा पुसला. मग वळून म्हणाली, "खरं सांगा. खरंच चांगलं हाय, का दवाखान्यात सांगितलं हुतं तसं सांगताय?"

व्याही तिच्याकडे बघत राहिले. "तुला ठाऊक हुतं?"

"नर्सबाईंनी त्याच दुपारी सांगितलं. चाळीस ग्राम कमी झालंय, घाबरू नका म्हनाल्या."

"मग मला बोलली न्हाईस?"

"तुमाला खोटं बोलताना मी जन्मात पयल्यांदा बगितलं, आप्पा. तुमाला ते जमत पन नव्हतं. म्हनलं, असू दे. माझ्यासाठी बोलत्यात."

कुकरची शिट्टी झाली. कुणीच गॅस बंद केला नाही, म्हणून मी केला.

"या टायमाला खरं हाय," व्याही म्हणाले. त्यांनी टोपी मागे सरकवून कपाळ पुढे केलं. "हे बग. हात लाव. सूज न्हाई." अश्विनीने खरंच हात लावून पाहिला. "पडंल ती," ते पुढे म्हणाले. "गुडघा फुटंल, कोपर खरचटंल. त्याला माझ्याकडं इलाज न्हाई. पन डोक्याला अन् डोळ्याला काय व्हायचं न्हाई, एवढं मी बघितलंय. बाकीचं तिचं तिला बघू दे."

अश्विनीने पदराने नाक पुसलं आणि विचारलं, "मॅच किती वाजता हाय?"

शनिवारी सकाळी आम्ही सगळे शाळेच्या मैदानावर होतो. माझा मुलगा एमआयडीसीतल्या कारखान्यातून रात्रपाळी करून तसाच आला होता आणि बसल्या जागी डुलक्या घेत होता. रेवाची पाळी आली तेव्हा तिने पहिला फटका दांडीला मारला. दांडी पडली, चेंडू जागच्या जागी पडला. दुसरा फटका नुसताच हवेत फिरला. तिसऱ्यांदा चेंडूला बॅट लागली, फार नाही, पण लागली, आणि चेंडू गवतातून घरंगळत बराच लांब गेला. रेवा आनंदाने पळाली, पण उलट्या कोपऱ्याकडे. मॅडम ओरडल्या, मुलं ओरडली, आणि व्याही या सगळ्यांपेक्षा मोठ्याने ओरडत होते, "पळ! पळ!" कोणीकडे, हा प्रश्न त्यांच्या मते गौण होता. नंतर ती चेंडू अडवायला उभी असताना एक चेंडू उसळून तिच्या नडगीवर लागला आणि ती तोंडावर पडली. चष्मा हेल्मेटात तिरका झाला. मी अश्विनीकडे पाहिलं. ती जागची हलली नव्हती. उभे राहिले होते ते व्याही, आणि अश्विनीने त्यांच्या धोतराचा सोगा धरून ठेवला होता. "बसा आप्पा," ती म्हणत होती. "बसा. उठती ती." रेवा उठली. तिने आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. चेंडू कुठे गेला तेच शोधत होती.

त्यांचा संघ हरला की जिंकला ते मॅडमनाही नीट सांगता आलं नाही. माणसं पांगली. रेवाला मात्र चार कोपऱ्यांचं गणित आता कुठे कळलं होतं. ती आईचा हात ओढत म्हणाली, "आई, चल ना, पळू." अश्विनी आधी नको म्हणाली. मग तिने इकडेतिकडे पाहिलं, ओढणी कमरेला बांधली, चपला आमच्यापाशी काढल्या आणि पळाली.

मी सात-आठ वर्षं माझ्या सुनेला रोज बघतो आहे. स्वयंपाकघरातून हॉलमध्ये, हॉलमधून दारात, फार तर रिक्षा सुटू नये म्हणून चार पावलं. ही बाई पळते कशी हे मला माहीतच नव्हतं. कोपरा आला की ती वेग कमी न करता अंग वाकवून वळे, जमिनीला हात टेकतो की काय वाटे, आणि पुढच्या क्षणी सरळ रेषेत सुटलेली. रेवा अर्ध्यावर थांबून तोंड उघडं टाकून आईकडे बघत होती.

"व्याहीबुवा," मी म्हणालो, "अश्विनी इतकी पळते?"

ते लेकीकडेच बघत होते. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "खो-खो खेळायची. सातवीत असताना जिल्ह्याच्या संघात निवडली हुती. मास्तर घरी आलं हुतं इचारायला. म्या न्हाई पाठवली." टोपी सारखी करत म्हणाले, "तिच्याकडं चांगलं बूट न्हाईत, पाय मुरगळंल, असं सांगितलं मास्तरला."

मी अश्विनीच्या चपला उचलून जोडीने नीट ठेवल्या.

"खो-खो अनवानीच खेळत्यात, पाव्हनं," ते म्हणाले. "मला काय ठाऊक न्हवतं? परगावी पोरीला कसं धाडायचं, याचं भ्या वाटलं. मग बुटावर घातलं."

मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. या माणसाचे माझ्यावर किती उपकार आहेत, हे त्या वेळी सांगावं असं फार वाटलं. त्यांनी आम्हाला ही मुलगी दिली, पाच आठवडे पहाटेची गाडी पकडून तिला धीर दिला, आणि आता तिच्या मुलीला मैदान मिळवून दिलं. पण आम्हा कारकुनांना आभार लिहून मांडता येतात, बोलता येत नाहीत. मी फक्त हात तिथेच ठेवला, आणि त्यांनीही तो काढायला सांगितलं नाही.

अश्विनी धापा टाकत परत आली. पावलं लाल मातीने माखलेली, चेहरा घामाने निथळलेला, आणि इतकी हसत होती, की क्षणभर ती कुणाची आई वाटेना. चपलांशी येऊन ती उभी राहिली. मागून रेवाने हाक मारली, "आई, अजून एकदा!"

अश्विनीने चपलेत पाय घालता घालता थांबून वडिलांकडे पाहिलं. का, ते तिला स्वतःलाही ठाऊक नसावं. पोरवयाची सवय असेल.

"जा," व्याही म्हणाले.